रुग्णाचा शब्द

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी मनाच्या आजारावर उपचार घेऊन घरी परतला. मी भेटीस गेलो आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या थोरल्या बंधूंना विचारले, "आता याची तब्येत कशी आहे?" तो शेजारीच बसला होता. हळूच म्हणाला, "मास्तरसाहेब, सगळे माझ्याविषयी बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही." आयुष्यभर मुलांना शिकवीत आलो, त्या दिवशी धडा मला मिळाला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या ग्वाल्हेरास या प्रश्नाचा इतिहास आहे. येथील मानसिक आरोग्यशाळेतील रुग्णांची दैना सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली, ती विधी साहाय्य समितीकडून. पुढे १९९७ साली न्यायालयाने रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील अशा संस्थांवरील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविली. दुसऱ्याने आपली बाजू मांडणे ही पहिली पायरी. आपली बाजू आपणच मांडणे ही दुसरी. १९१२ च्या जुन्या कायद्याच्या नावातच 'वेडा' हा शब्द होता. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र ही दुसरी पायरी बांधून दिली आहे.

त्यातील मुख्य गोष्टी अशा :

१. रुग्णाचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयशक्तीच नाही असे ठरत नाही.

२. पुढे निर्णयशक्ती गेल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो.

३. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी तो स्वतः नेमू शकतो. साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरेसा आहे.

४. रुग्णालयात भेटीगाठी, मोफत कायदेशीर मदत आणि सेवेविषयी तक्रार हे त्याचे हक्क आहेत. त्याला साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे.

यामुळे कुटुंबाचे महत्त्व कमी होते, असे कोणी समजू नये. आजार बळावला असता आधार घरच्यांचाच असतो, आणि कायद्याने त्यासाठीही तरतूद केली आहे. फक्त शब्द कोणाचा, हे विसरता कामा नये.

मग आपण काय करावे? रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे, पण डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे. तो थांबला तर आपणही थांबावे. अर्ज लिहून द्यायचा झाल्यास त्याचेच शब्द लिहावे, मग वाचून दाखवावे, आणि "हेच म्हणायचे होते ना?" असे विचारावे. लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाला एवढी सेवा करता येईल, आणि धर्मादाय संस्थेने पैशाइतकीच हीही मदत मोलाची मानावी.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे माझ्याच मेजावर बसून प्रतिनिधी नेमण्याचा कागद लिहिला. मला वाटले होते, तो थोरल्या बंधूंचे नाव घालील. त्याने धाकट्या बहिणीचे घातले. कारण विचारता म्हणाला, "ती माझे ऐकून घेते."