‘स्वर’ : उच्चारातला आणि गाण्यातला

मराठीत ‘स्वर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : व्याकरणातील अ, आ, इ आणि संगीतातील सा, रे, ग. गायनपद्धतींची तुलना करताना हे दोन्ही अर्थ लक्षात घ्यावे लागतात.

सातारा जिल्ह्यातील औंधचे दरबारगायक अंतुबुवा जोशी आणि सांगली जिल्ह्यातील मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांची गायकी मैफलीची होती. साथीला तंबोरा, श्रोते जवळ. त्यामुळे ‘आ’कार कायम ठेवून मींडेने एका सुरातून दुसऱ्या सुरात सावकाश जाता येते.

पाश्चात्त्य ऑपेरात ध्वनिक्षेपकाविना वाद्यवृंदापलीकडे आवाज पोहोचवावा लागतो. त्यासाठी पुरुष गायक सुमारे ३००० हर्ट्झजवळचा अनुनाद बळकट करतात. उंच पट्टीत गायिका ‘ई’चा उच्चारही ‘आ’कडे झुकवतात. परिणामी शब्द पुसट होतो, पण नाद भरीव राहतो.

म्हणून एका पद्धतीच्या मापाने दुसरी मोजणे योग्य नव्हे. प्रत्येक तंत्रामागची गरज प्रथम ओळखावी.

स्वाध्याय : ‘ई’ म्हणत सूर चढवत न्या. उच्चार कोणत्या टप्प्यावर बदलू लागतो, ते नोंदवा.