पूर्ण पाजणं बघितल्याशिवाय सल्ला नाही

स्तनपान सल्लागार म्हणून काम सुरू करणाऱ्या मुली सोलापूरच्या नवी पेठेत मला भेटायला येतात, तेव्हा त्यांना सांगते ते इथे लिहिते आहे.

1. ‘दूध पुरत नाही’ या तक्रारीवर लगेच उपाय सांगू नका. आईजवळ बसा आणि पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, बोंडाखालचा काळा भाग बऱ्यापैकी तोंडात आहे का, गिळणं ऐकू येतं का? बाळाने नुसतं बोंड धरलं तर आईला चिरा पडतात आणि बाळ अर्धपोटी राहतं. तिथे अळिवाचे लाडू कितीही खाल्ले तरी उपयोग नाही, पकडच सुधारावी लागते. मग लघवी विचारा: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

2. सोलापूरच्या उन्हाळ्याची तयारी वेगळी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘लेकराचा घसा सुकतोय, चमचाभर पाणी द्या.’ आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, उकाड्यात जास्त वेळा अंगावर घ्यायचं. पाण्याने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, शिवाय जुलाबाची भीती. हे सांगताना आजीला गप्प करू नका. बाळंतीण बहुधा माहेरी असते आणि तिची आईच रात्रंदिवस राबत असते. ‘आजी, लेक पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवा,’ असं मी सांगते. पाणी पाजायची त्यांची ओढ योग्य माणसाकडे वळते आणि त्या आपल्या बाजूच्या होतात.

3. विडी वळणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट बघा. पाजण्याआधी हात साबणाने धुणं आणि तंबाखूची धूळ बसलेले कपडे बदलणं. काम सोडा म्हणू नका, त्यावर घर चालतं.

4. कापड दुकानात उभ्याने काम करणाऱ्या आया लवकर कामावर परततात. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन विश्रांतींचा हक्क कायदा देतो. आपल्या बहुतेक दुकानांत तेवढी माणसं नसतात. म्हणून हाताने दूध काढणं शिकवावंच लागतं. एक धोका लक्षात ठेवा: काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, हा नियम साधारण 25 अंशांपर्यंतचा आहे. इथल्या मे महिन्यात तो धरून चालू नये. बर्फाच्या पिशवीसोबत थंड डब्यात ठेवा आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा.

5. शिकत राहायला साधनं आहेत. आयआयटी मुंबईत डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने झालेल्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत आहेत. बाळाची पकड दाखवायला त्या मला फार उपयोगी पडतात. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेतली चित्रफीत दाखवावी. औषधांबाबत अंदाज नको. स्तनपानातल्या औषधांची माहिती देणाऱ्या ‘लॅक्टमेड’वर औषधाचं नाव तपासा आणि डॉक्टरांशी बोला. ‘औषध चालू आहे, अंगावर पाजू नका’ हा सल्ला पुष्कळदा विनाकारण दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

6. दुधाच्या पावडरच्या कंपनीचं पेनसुद्धा घेऊ नका. 1992 च्या कायद्याने आरोग्यसेवकांना अशा भेटी देण्यावर बंदी आहे.

7. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई सर्वांत एकटी असते. बाळ काचेच्या पेटीत आणि ती रिकाम्या हाताने बसलेली. तिला पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला बसवा, थेंबभर चीक निघाला तरी तो बाळापर्यंत पोचवा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी उभारली ती अशाच बाळांसाठी.

8. ताप आणि लालबुंद, तापलेला स्तन; सुस्त, न उठणारं बाळ; लघवी कमी होणं; वाढती कावीळ. यांपैकी काहीही दिसलं तर सल्ला थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. संध्याकाळी फोन करून आई तिथे पोचली का, ते विचारा.