अजगराच्या घराची ऊब

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या इंग्लंडात नोकरीस आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचे मोठे काकुळतीचे पत्र आले. त्याने एक अजगर पाळला आहे. आपल्या रानातला थोरला अजगर नव्हे, तर पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो या देशांत आढळणारा, भ्याला म्हणजे अंगाचा चेंडू करून बसणारा लहान, बिनविषारी जातीचा. अजगर वाढला म्हणून याने हौसेने त्यास प्रशस्त लाकडी घर करून दिले, आणि त्याच आठवड्यात त्याने खाणे टाकले. पुढे कसाबसा गिळलेला एक उंदीर चौथ्या दिवशी ओकून टाकला. “सर, मोठे घर त्याला का मानवले नाही?” असा त्याचा प्रश्न होता.

मी भाषेचा शिक्षक. हा प्रश्न माझ्याकडे यावा याचे मला हसू आले. पण विज्ञानाच्या शिक्षकांशी बसून त्याचा उलगडा केला, तेव्हा तो तुमच्यापुढे मांडावासा वाटला.

थंडीच्या दिवसांत सकाळी जांभ्या दगडाच्या गडग्यावर धामण ऊन खात पडलेली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपण जेवतो त्या अन्नापासून आपले शरीर स्वतःची ऊब राखते. सापास ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर त्याच्या जठरातील पाचकरसांचे काम मंदावते आणि गिळलेले भक्ष्य पचण्याऐवजी कुजू लागते. ते ओकून टाकणे हाच मग त्याच्या जिवाचा बचाव असतो. या आफ्रिकी अजगरास घराच्या एका टोकास सुमारे ३२ अंश सेल्सिअस व दुसऱ्या टोकास २५-२६ अंश उष्णता लागते. दोन्ही हवीत, कारण ऊब कमी-अधिक करण्याचा सापाचा मुख्य उपाय म्हणजे जागा बदलणे.

आता थोडे गणित. जुनी पेटी ३ फूट लांब, दीड फूट रुंद व १ फूट उंच होती. तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ १८ चौरस फूट. नवे घर ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. त्याचे क्षेत्रफळ ५६ चौरस फूट. उष्णता निसटते ती या बाजूंतून. म्हणजे निसटण्याची वाट तिपटीहून अधिक झाली, आणि खाली अंथरलेली विजेची तापपट्टी मात्र जुनीच, ३० वॅटची! खोलीत १८ अंश थंडी असता या घरास, आमच्या ढोबळ हिशेबाप्रमाणे, शंभर-सव्वाशे वॅट तरी लागावेत. शिवाय तळाची पट्टी तिला चिकटून बसलेल्या पोटाला ऊब देते. वरची हवा तापविण्याचे बळ तिच्यात नसते.

हे कळविण्यापूर्वीच त्याने घाईने एक मोठा दिवा आत टांगला होता, आणि तिथे दुसरी चूक झाली. उष्णता ठरावीक अंशावर राखणारे थर्मोस्टॅट नावाचे उपकरण त्याने लावले खरे, पण त्याची संवेदक तार ठेवली थंड टोकास. तेथे ऊब पोहोचेना म्हणून दिवा विझेना, आणि दिव्याखालची फळी ४५ अंशांवर गेली. तापल्या वस्तूपासून साप वेळीच दूर होतो असे समजू नये. उघड्या दिव्यास विळखा घालून भाजलेले साप पशुवैद्यांकडे वरचेवर येतात. सुदैवाने याचा साप वाचला.

आम्ही सुचविले ते असे. छताला, उबदार टोकाच्या बाजूस, उष्णता खाली फेकणारे सपाट पटल लावावे. प्रकाश न देणारे असल्याने ते रात्रीही चालते. दिवा ठेवायचाच तर त्याभोवती जाळी हवी. संवेदक उबदार टोकासच असावा, आणि दोन्ही टोकांस निरनिराळे तापमापक असावेत. भिंतींना बाहेरून थर्मोकोल लावावे. उष्ण हवा वर चढते, म्हणून छतातील मोठी भोके कमी करावी, पण सगळी बुजवू नयेत. तापविलेली हवा कोरडी पडते व सापाची कात नीट उतरत नाही. त्यासाठी रुंद पसरट भांड्यात पाणी ठेवावे.

मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती लपण्याच्या जागेची गोष्ट. त्या घरात एकच खोपा होता, तोही थंड टोकास. भित्रा प्राणी ऊब आणि आडोसा यांपैकी आडोसाच पसंत करतो; तो गारठत राहील, पण उघड्यावर येणार नाही. म्हणून दोन्ही टोकांस एकेक खोपा हवा. ऊब असूनही ती घेता न येणे, हे त्या मुक्या जिवाचे खरे दुःख होते.

अजगराची मादी मात्र याला एक अपवाद आहे. भारतीय अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून स्वतः ऊब देते, असे लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३२ साली सांगितले, तेव्हा विद्वानांनी ते मानले नाही. १८४१ साली पॅरिसमध्ये व्हॅलेन्सिएन यांनी प्रत्यक्ष मोजमाप करून ते खरे ठरविले. १९६६ साली न्यूयॉर्क येथील अभ्यासात असे दिसले की भोवतालची उष्णता ३३ अंशांखाली उतरली की ती अंगाचे स्नायू आचके देऊन आखडते आणि त्यातून ऊब निर्माण करते. आपण थंडीने कुडकुडतो तसेच हे!

हे वाचून कोणी दिवडाला बरणीत घालून आणू नये. आपल्याकडील अजगर, नाग, धामण यांस पकडणे व पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या उन्हात त्यांना कोणाच्या तापपट्टीची गरजही नाही.

मार्चमध्ये पुन्हा पत्र आले. अजगर खाऊ लागला आहे. एरवी तो थंड टोकाच्या खोप्यात झोपतो. उंदीर गिळला की मात्र उठून उबदार टोकास जातो आणि दोन-तीन दिवस तेथून हलत नाही.