हाताशीं असलेलीं पुस्तकें

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलों असतां ज्या घरीं आमचा मुक्काम झाला, त्या घरचा मुलगा दहाव्या इयत्तेंत शिकत होता. त्याच्या फळीवर पांच गाईडें होतीं. तीं घेण्याकरितां त्याच्या आईनें एक शेळी विकली होती. त्यांच्याच खालीं शाळेचें विज्ञानाचें पुस्तक होतें. पण त्याचीं पानें अशीं कोरीं करकरीत कीं, तें कोणी उघडलें असेल असें वाटेना. बाईंनीं आम्हांस विचारिलें, "भाऊ, तालुक्यास क्लास निघाला आहे; दुसरी शेळीहि विकावी काय?"

हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे, म्हणून त्याचा विचार येथें करितों. आम्हीं त्या मुलास विचारिलें, "चंद्र पृथ्वीवर कां पडत नाहीं?" त्यानें गाईडांतील चार ओळी घडाघड म्हणून दाखविल्या. "मग आंबा कां पडतो?" असें विचारितांच तो गप्प झाला. गुरुत्वाकर्षण दोघांसहि ओढतें. परंतु चंद्रास आडवी गति असल्यामुळें तो पडत पडतच पृथ्वीभोंवतीं फिरत राहतो. हें समजण्यास लागणारी वर्तुळाकार गतीची माहिती त्याच्याच पुस्तकाच्या पहिल्या पाठांत होती.

तयार उत्तर वाचलें म्हणजे तें आपणांस येतें असा भास होतो. २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांस कांहीं उतारे वाचावयास दिले. मग एकदां तोच उतारा पुन्हां वाचविला, व एकदां तो दूर ठेवून आठवेल तें लिहविलें. पांच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारांसच अधिक आठवलें.

यास्तव विद्यार्थ्यानें थोडा भाग वाचावा, पुस्तक मिटावें, आठवेल तें जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहावें, आणि मग पुस्तक उघडून काय राहिलें तें ताडून पाहावें. पाठाखालचे स्वाध्याय गाईड न पाहतां सोडवावे. आई निरक्षर असली तरी हरकत नाहीं. तिला पाठ घरच्या बोलींत सांगावा. "म्हणजे काय रे?" असें तिनें विचारिलें आणि मुलगा अडखळला, कीं कच्चें कोठें आहे तें दोघांसहि कळतें. साठ मुलांच्या क्लासांत मास्तर हें क्वचितच करूं शकतो.

पुस्तक फाटलें वा हरवलें तरी बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरून घेतां येतात. वाई येथें सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तोहि आतां मोबाईलवर फुकट वाचावयास मिळतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्तिहि तशीच मिळते. पण ती मुलांपेक्षां उपदेशकांच्याच अधिक कामाची. मात्र मोबाईल हातीं घेण्यापूर्वीं प्रश्न कागदावर लिहावा. न लिहिल्यास आपण कशाकरितां बसलों होतों हें तासाभरानें आठवत नाहीं, आणि याविषयीं आम्हीहि निर्दोष नाहीं.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. एका खोलीच्या घरांत दिवा असतो, पण शांतता नसते. सायंकाळीं दोन तास प्रार्थनागृह विद्यार्थ्यांकरितां उघडें ठेवावें, व स्वतः तेथें बसून दोघांतिघांचा पाठ ऐकावा. विषय आपणांस येत नसला तरी ऐकावा.

त्या घरची दुसरी शेळी अद्याप दारांत आहे. मुलगा मध्यंतरीं भेटला तेव्हां त्याच्या वहींत चौदा प्रश्न लिहिलेले होते. त्यांतील तीन आम्हांसहि सुटले नाहींत. ते तो शाळेंत गुरुजींकडे घेऊन गेला.