औषधशाळेसाठी संगणकप्रणाली : विकसकाची परीक्षा

वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आधी शास्त्राची आणि मग आचार्यांची परीक्षा करावी, असा क्रम चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात सांगितला आहे. लोकांत अनेक शास्त्रे प्रचलित असतात, म्हणून निवड करणे भाग पडते, ही त्यामागील भूमिका. व्यवसायासाठी संगणकप्रणाली घेणाऱ्या वैद्याला व औषधशाळेच्या मालकाला हाच क्रम उपयोगी पडेल. व्यवहारात तो बहुधा उलटा दिसतो. ओळखीतल्या कुणाचा भाचा संगणक व्यवसायात असतो, तो दोन सुबक पडदे दाखवतो, किंमत ठरते, आणि आपल्याला नेमके काय हवे होते याचा विचार सहा महिन्यांनी सुरू होतो.

ज्यांचे एकच चिकित्सालय आणि त्यास जोडून लहानसे औषधविक्री केंद्र आहे, त्यांनी स्वतंत्र प्रणाली लिहवून घेण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅलीसारखी तयार लेखाप्रणाली आणि रुग्णनोंदींचे एखादे तयार साधन त्यांना पुरते. ज्यांच्याकडे औषधनिर्मितीचा परवाना आहे त्यांची गोष्ट वेगळी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची टी प्रमाणे कच्च्या द्रव्यांची, प्रत्येक बॅचच्या निर्मितीची, वितरणाची आणि बाजारातून आलेल्या तक्रारींची नोंद त्यांना ठेवावी लागते. ही नोंद सामान्य दुकानदारी प्रणालीत नीट बसत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने अशा औषधशाळांसाठी आहे.

आपल्या कामाचे वेगळेपण

विकसकाला बोलावण्यापूर्वी आपले काम कागदावर उतरवावे. हे लिखाण इतर कुणी करून देणार नाही. साबण बनवणाऱ्या कारखान्याची प्रणाली आपल्याला का चालत नाही, हे यातूनच विकसकाला कळते.

पहिली अडचण नावांची. गुळवेल, गुडूची आणि अमृता हे तीन वेगळे माल म्हणून साठ्यात चढले, की गोदामात ४० किलो असताना संगणक ‘शिल्लक नाही’ म्हणतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक. रास्ना या एकाच नावाखाली उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत अल्पिनियाचे कंद विकले जातात. शंखपुष्पीचेही तसेच. तेव्हा प्रत्येक द्रव्यास एक संकेतांक, वानस्पतिक नाव, प्रयोज्यांग आणि त्याखाली सर्व पर्यायनामे, अशी रचना हवी. अभाव-प्रतिनिधी द्रव्य वापरले असल्यास ते मूळ द्रव्याच्या नावाने नोंदले जाता कामा नये.

दुसरी अडचण परिमाणाची व काळाची. क्वाथ चतुर्थांश उरवावा की अष्टमांश, हे कल्पानुसार ठरते. भरड करताना, गाळताना, वाळवताना घट येते आणि भावनेने वजन वाढते. दशमूलारिष्ट संधानासाठी घातले, की कित्येक दिवस तो माल ना कच्चा असतो ना तयार. सर्वसाधारण प्रणालीत या मधल्या अवस्थेला जागाच नसते, म्हणून कामगार खोट्या नोंदी करून ती जागा भरतात. पुढे तपासणीच्या वेळी कागद एक बोलतो आणि पिंप दुसरेच.

तिसरी गोष्ट कालमर्यादेची. चूर्णासाठी २ वर्षे आणि आसव-अरिष्टांसाठी १० वर्षे, अशा भिन्न मर्यादा नियम १६१-बी मध्ये आहेत. त्या कल्पनिहाय आपोआप लागल्या पाहिजेत. बचनाग, कुचला, भल्लातक यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये ज्या कल्पात आहेत, त्याच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आलीच पाहिजे. ती कामगाराच्या स्मरणावर सोडू नये.

विकसकाची परीक्षा

प्रात्यक्षिक नेहमी विकसकाने निवडलेल्या नमुन्यावर होते, आणि तो नमुना नेहमीच चालतो. आपण आपल्याच औषधशाळेची एका महिन्याची खरी बिले, खरेदी आणि दोन बॅचपत्रके द्यावीत. ती भरून झाली, की एकच परीक्षा घ्यावी. एका विक्रीबिलावरून औषधाची बॅच, बॅचवरून त्यात पडलेल्या प्रत्येक द्रव्याचा लॉट, आणि लॉटवरून पुरवठादार, असे मागे जावे. मग त्याच लॉटवरून पुढे येऊन तो कोणकोणत्या बॅचमध्ये गेला आणि त्या बॅच कोणत्या विक्रेत्यांकडे पोचल्या, याची यादी मागावी. उद्या एखाद्या लॉटमध्ये भेसळ आढळली आणि माल परत बोलवावा लागला, तर रुग्णापर्यंत पोचण्याची वाट हीच आहे. ज्या विकसकाला ही यादी काही मिनिटांत देता येत नाही, त्याच्या बाकी सोयी पाहण्यात वेळ दवडू नये.

कायद्यातील बदल कोण आणि किती दिवसांत बसवून देणार, हेही विचारावे. उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०१७ पासून ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांवर ५ टक्के, तर स्वतःच्या व्यापारनामाने विकल्या जाणाऱ्यांवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुसऱ्या गटाचा दरही ५ टक्क्यांवर आला. त्या दिवशी जुन्या दराने घेतलेला साठा हातात होता, पुढे जुन्या बिलावरचा माल परत येणार होता, आणि त्याला जुन्याच दराची क्रेडिट नोट द्यावयाची होती. दर तारखेनिहाय ठेवण्याची व्यवस्था ज्या प्रणालीत असते, तिला हे सहज जमते. जिच्यात दर एकदाच कोरलेला असतो, तिच्यात जुनी बिलेही नव्या दराने छापली जाऊ लागतात.

संस्था किती मोठी, यापेक्षा आपल्या कामावर प्रत्यक्ष कोण बसणार, हे महत्त्वाचे. चरकाचार्यांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. त्यांतील अनुरागाची परीक्षा जुन्या ग्राहकांकडेच होते. विकसकाने दिलेल्या यादीतील नव्हे, तर त्याला सोडून गेलेल्या एखाद्या ग्राहकाला गाठून बोलावे. तो बरेच सांगतो, क्वचित अवास्तवही सांगतो.

करारपत्र

येथे आपला व्यवसायबंधू सर्वाधिक निष्काळजी असतो. पैसे दिले म्हणजे प्रणाली आपली झाली, ही समजूत चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकप्रणाली साहित्यकृती गणली जाते, आणि स्वतंत्र विकसकाकडून लिहवून घेतलेल्या प्रणालीचे स्वामित्व, लेखी हस्तांतरण नसल्यास, सामान्यतः त्याच्याकडेच राहते. हस्तांतरण लिहिले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ नुसार ती ५ वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर तो भारतापुरता. हे दोन शब्द करारात घालून घेण्यास वकिलाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

परिचयातील एका औषधशाळेत विकसकाने व्यवसाय बंद केला. संगणक चालू होता, पण नव्या करदराचे बिल निघेना, आणि साठ्याची माहिती ज्या रूपात होती ते दुसऱ्या कुणाला वाचता येईना. तीन कर्मचारी दीड महिना जुनी बिले हाताने उतरवीत बसले. म्हणून मूळ प्रोग्रामची प्रत आणि सर्व माहिती एक्सेलसारख्या सर्वमान्य स्वरूपात, युनिकोड देवनागरीत, दर महिन्यास आपल्या हाती मिळावी, अशी अट असावी. मूळ प्रोग्राम देण्यास विकसक नाखूश असेल तर मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेच्या ईआरपीनेक्स्टसारखी मुक्तस्रोत प्रणाली पायाला घेऊन तिच्यावर काम करून घ्यावे. तेथे मूळ प्रोग्राम सर्वांना खुला असतो, त्यामुळे दुसरा अभियंता नेमणे शक्य होते.

रुग्णांच्या नोंदी त्याच प्रणालीत असतील तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ध्यानात ठेवावा. माहिती विकसकाच्या संगणकावर असली तरी उत्तरदायित्व आपलेच, आणि सुरक्षेतील कसुरीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्यासारख्यावर होईल असे नाही. परंतु रुग्णाची प्रकृती आणि व्याधी विकसकाच्या कार्यालयातील प्रत्येकास दिसता कामा नये, हे दंडाविनाही समजण्यासारखे आहे.

रक्कम टप्प्यांनी द्यावी, आणि शेवटचा टप्पा वर सांगितलेली मागची-पुढची परीक्षा आपल्या खऱ्या माहितीवर उत्तीर्ण झाल्यानंतरच. वार्षिक देखभालीचा दर आधीच ठरवावा. पहिले दोन महिने जुन्या वह्या व नवी प्रणाली दोन्ही चालवाव्यात. प्रारंभासाठी १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण मार्चअखेरच्या धावपळीत प्रत्यक्ष साठामोजणी नीट होत नाही, आणि पहिला आकडा चुकला की पुढचे सर्व चुकतात. त्यापेक्षा व्यापार मंद असलेला एखादा महिना निवडावा, दोन दिवस उत्पादन थांबवून प्रत्येक पोते व पिंप मोजावे, आणि त्याआधी गोदामातील वजनकाट्याची पडताळणी झालेली आहे ना, एवढे पाहून घ्यावे.