वशिला, परीक्षा आणि २६ जुलै १९०२

२६ जूनला आपण शाहू महाराजांची जयंती करतो. पण २६ जुलैला काय झालं असं विचारलं की वर्ग गप्प! आज तेच बघूया. त्याआधी थोडं परदेशात जाऊन येऊ.

इंग्लंडमध्ये पूर्वी सरकारी नोकरी ओळखीपाळखीवर मिळायची. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने सांगितलं, खुली परीक्षा घ्या. अमेरिकेत निवडून आलेला पक्ष आपल्याच माणसांना पदं वाटायचा. १८८१ मध्ये पद न मिळालेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात ते गेले. मग १८८३ ला पेंडल्टन कायदा आला आणि काही पदांसाठी तिथंही परीक्षा सुरू झाली.

म्हणजे परीक्षा आली की प्रश्न सुटला? थांबा. आपल्याकडच्या आयसीएसची परीक्षा १८५५ पासून खुली होती, पण व्हायची लंडनला! १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, ते पहिले भारतीय. भारतात ही परीक्षा द्यायची सोय झाली ती थेट १९२२ ला. दार उघडं होतं हो, पण तिथवर जायला बोटीचं भाडं कुणाकडे होतं?

आता कोल्हापुरात या. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या ७१ मोठ्या पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर जेमतेम १०. २६ जुलै १९०२ ला, महाराज स्वतः इंग्लंडमध्ये असताना, हुकूम निघाला : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना. मागास म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला आपल्या खात्याचा तक्ता पाठवायचा. मला हे कलम फार आवडतं. रोज माहितीचे तक्ते भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे, तक्ता मागितला नाही तर आदेश फायलीतच राहतो!

पण जागा ठेवल्या तरी शिकलेली मुलं हवीत ना? म्हणून १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघाली आणि १९१७ ला सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण आलं. १९१८ ला वंशपरंपरेचं कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. तोवर गावचं दप्तर बापाकडून मुलाकडे जायचं.

माझ्या घरातली पहिली सरकारी नोकरी मलाच लागली, डी.एड. झाल्यावर. तुम्ही आज घरी विचारून या : आपल्या घराण्यात पहिली नोकरी कुणाला, कोणत्या साली लागली? आणि ते शिकायला राहिले कुठे? उद्या वहीत लिहून आणा.