भाग्याचे मेज
(शास्त्रभाग : यशया ६५:११-१२)

नाताळच्या सुटीत गोव्यास जाणाऱ्या रायपूरच्या मराठी कुटुंबांतून एक प्रश्न हल्ली ऐकू येतो : मांडवी नदीतील कॅसिनोच्या जहाजावर केवळ भोजन व गाणे यांसाठी गेलो, तर बिघडले काय?

यशयाच्या काळीही निमित्त भोजनाचेच होते. परमेश्वराला सोडलेले लोक गाद व मनी या दैवतांसाठी मेज मांडतात आणि मिश्रित द्राक्षारस भरतात, असा आरोप अकराव्या वचनात आहे. गाद म्हणजे भाग्य. मनी हे नाव (पैशाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचे काही नाते नाही!) मोजणे, वाटा नेमणे या अर्थाच्या इब्री धातूशी जुळते. बाराव्या वचनात परमेश्वर त्याच धातूचे क्रियापद वापरून त्या लोकांना तरवारीच्या वाट्यास नेमतो. हा श्लेष मराठीत आणताना भाषांतरकाराची त्रेधा उडते.

कॅसिनोत गाद समोर दिसतो, मनी आड असतो. रुलेटचे चक्र घ्या. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर १ ते ३६ आणि शून्य असे ३७ खण असतात. अचूक अंकास मात्र लावलेली रक्कम व वर तिच्या ३५ पट एवढेच मिळते. प्रत्येक खणावर १०० रुपये लावले, तर ३,७०० गुंततात. गोळी कोठेही पडो, परत येतात ३,६००. उरलेले शंभर मालकाचे. एखादा पाहुणा एका रात्रीत जिंकेलही. मालकास हजारो फेऱ्यांची बेरीज पुरते. त्याला लबाडीची गरजच नसते, पाहुणा अधिक वेळ बसला म्हणजे झाले. प्रवेशशुल्कात जेवण, मद्य, नृत्यगायन मिळते ते त्यासाठी. नोटांऐवजी रंगीत चकत्या हाती येतात व खर्चाची बोच उरत नाही. दिवे, संगीत, नदीवरचा वारा यांचा आनंद खोटा नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

प्रेषितांनी मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्याच होत्या, असे कोणी म्हणेल. पण तेथे कोणी पैसा लावला नव्हता, आणि चिठ्ठ्यांत वाटा असलेला मालकही नव्हता.

गोव्यात १९९२ च्या कायदेदुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील जुगारयंत्रांना व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगारास वाट मिळाली. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने गोवेकरांना कॅसिनोत जाण्यास बंदी केली. परवाने देणाऱ्या राज्याने घरच्यांसाठी दार लावले, पाहुण्यांसाठी ते उघडे ठेवले. रायपूरहून जाणारी आपली मंडळी या पाहुण्यांत मोडतात.